दोन लाखांवर फोटो डिजिकॅममध्ये घ्यायचे आहेत: क्रम, डेटाबेस आणि टॅग याबद्दल सल्ला हवा

कातळमाथा
गडकिल्ल्यांच्या फोटोंचा संग्रह डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका जागी आणायचा आहे. साधारण २ लाख २० हजार फाइली, २.५ टीबी. २००४ पासूनचे जेपीईजी, नंतरचे निकॉन आणि कॅननचे रॉ (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइली), स्लाइडचे स्कॅन, गूगल फोटोजच्या टेकआउटचा (तिथून एकगठ्ठा उतरवून घेतलेल्या फोटोंचा) एक मोठा गठ्ठा आणि व्हॉट्सअॅपवरून आलेले बरेच. सगळं तीन हार्डडिस्कवर विखुरलेलं, एकेका फोटोच्या दोन-तीन प्रती. लॅपटॉप विंडोजचा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. एकदम इम्पोर्ट करावं की टप्प्याटप्प्यानं? डेटाबेस कुठला? टॅग मराठीत ठेवले तर पुढे अडचण येईल का?

उंबरठा
इम्पोर्ट मेनूच्या वाटेला जाऊ नका. तो कॅमेरा किंवा कार्डावरून फाइली कॉपी करून घेण्यासाठी आहे. तुमच्या कामाला सेटिंग्जमधलं 'कलेक्शन' हवं. तिथे फोल्डर दाखवलं की फोटो जागचे हलत नाहीत, डिजिकॅम फक्त नोंद घेतो. बाहेरची हार्डडिस्क 'काढता येणारं माध्यम' या प्रकारात जोडा, म्हणजे उद्या विंडोजनं ड्राइव्हचं अक्षर बदललं तरी ती ओळखली जाते.

पण त्याआधीचं काम मोठं आहे आणि ते टाळून चालणार नाही. एक नवी ४ टीबी डिस्क घ्या, तिन्ही डिस्क तिच्यावर उतरवा आणि जुन्या तिन्ही बाजूला ठेवून द्या. त्यांच्यावर काहीही लिहायचं नाही. १०० एमबी प्रति सेकंद वेग धरला तरी २.५ टीबीला सात तास लागतात, जुन्या यूएसबी २ पोर्टवर वीसच्या आसपास. छोट्या फाइली असल्या की त्याहून जास्त. कॉपी झाल्यावर पडताळणी करणारं साधन वापरा (टेराकॉपीत ती सोय आहे).

मग दुबार प्रती काढा, त्याही डिजिकॅमच्या बाहेर. चकावका (Czkawka) या दुबार फाइली शोधणाऱ्या साधनात हॅशवरून, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यावरून, तंतोतंत सारख्या फाइली शोधा. 'दिसायला सारखे' हा पर्याय या टप्प्यावर नको, बुरुजाचे लागोपाठ काढलेले पाच फोटो त्याला एकच वाटू शकतात.

आता टप्पे. कलेक्शन म्हणून जोडलेल्या फोल्डरमध्ये आधी एकच वर्ष ठेवा, स्कॅन होऊ द्या, तारखा आणि लघुचित्रं ठीक आहेत ना ते बघा, मग पुढची वर्षं त्यात हलवत जा. लघुचित्रं मेंटेनन्समधून रात्री बनवायला लावा. फिंगरप्रिंट (सारखे दिसणारे फोटो शोधण्यासाठीच्या खुणा) त्यानंतर आणि चेहरे ओळखणं अगदी शेवटी. सगळं एकदम सुरू केलं की एकच डिस्क तीन कामांसाठी वाचली जाते आणि तिन्ही रखडतात.

शून्यएक
डेटाबेसबद्दल. डिजिकॅमवाले स्वतः एक लाखापर्यंत एसक्यूलाइट (साध्या फाइलींत राहणारा डेटाबेस) आणि त्यापुढे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी (वेगळा सर्व्हर चालवणारे डेटाबेस) सुचवतात. तुमचा आकडा त्याच्या दुप्पट आहे, म्हणून मी मारियाडीबी म्हणेन.

उंबरठा
एकच माणूस, एकच लॅपटॉप आणि डेटाबेस आतल्या एसएसडीवर असेल तर दोन लाखांनाही एसक्यूलाइट चालतं. बॅकअप सोपा हा मोठा फायदा: डिजिकॅम बंद करायचा आणि मुख्य, लघुचित्रांची, चेहऱ्यांची, साम्याची अशा चारही फाइली उचलून ठेवायच्या. मारियाडीबीत डंप, म्हणजे डेटाबेसची वेगळी निर्यात, काढावा लागतो. कमी पडलंच तर डेटाबेस मायग्रेशनचं साधन मेनूत आहे. मात्र एसक्यूलाइटची फाइल फोटो असलेल्या बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. पहिल्यात वेग जातो, दुसऱ्यात फाइल लॉक होण्याचा घोळ होऊन डेटाबेस बिघडू शकतो.

शून्यएक
एकट्यानं वापरणार असाल तर मान्य.

मोडीवाचक
मराठी टॅग जरूर ठेवा. पण कलेक्शन जोडण्याच्या *आधी* मेटाडेटाच्या (फोटोसोबत साठवल्या जाणाऱ्या तारीख, टॅग अशा माहितीच्या) सेटिंगमध्ये जा. ही माहिती लिहिण्याची आयपीटीसी आणि एक्सएमपी अशी दोन प्रमाणं आहेत. जुन्या आयपीटीसी प्रमाणात एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट घेतं. 'संजीवनी माची' ३४ बाइटमध्ये बसतं. 'संजीवनी माचीवरचा चिलखती बुरूज' ८१ बाइट होतं, म्हणजे ते तिथे पूर्ण मावणार नाही. एक्सएमपीला ही अडचण नाही. म्हणून प्रगत विभागात टॅगसाठी आयपीटीसीचं लिहिणं बंद करून फक्त एक्सएमपी ठेवा. तसंही लांब टॅगपेक्षा उतरंड बरी: गड, त्याखाली राजगड, त्याखाली संजीवनी माची, त्याखाली चिलखती बुरूज.

रॉ फाइलींसाठी फक्त साइडकार (मेटाडेटाची शेजारी ठेवलेली वेगळी फाइल) लिहा. मूळ फाइलीत लिहिलं तर एक टॅग बदलला तरी ती अख्खी फाइल बॅकअपला 'नवी' दिसते. साइडकारच्या नावात मूळ फाइलचं एक्स्टेन्शन राहू द्या. व्यावसायिक सॉफ्टवेअरशी जुळणारी नावं निवडली तर एकाच नावाच्या रॉ आणि जेपीईजीला मिळून एकच साइडकार होतो.

फोल्डरची नावं मात्र रोमन अक्षरं आणि आकडे एवढ्यातच ठेवा. कारण 'ऱ'. जुन्या मॅकच्या डिस्कवर हे अक्षर 'र' आणि खालचा नुक्ता असं फोडून साठवलं जातं, विंडोजवर टंकलेलं सहसा एकसंध असतं. त्यामुळे 'रायगड पायऱ्या' किंवा 'कऱ्हाड' अशी, डोळ्यांना अगदी सारखी दिसणारी दोन फोल्डरं शेजारी शेजारी तयार होतात आणि शोधात एकच सापडतं.

कातळमाथा
हे फारच उपयोगी. तीनपैकी एक डिस्क मॅकचीच आहे. तारखांचं काय करावं? टेकआउटमधल्या बऱ्याच फोटोंवर डाउनलोडचीच तारीख दिसते आहे.

शून्यएक
टेकआउटमध्ये फोटोसोबत जेसन फाइल येते, काढल्याची वेळ तिच्यात असते. एक्झिफटूल या मेटाडेटा बदलायच्या साधनानं ती फोटोत लिहून घ्या, मगच डिजिकॅमला दाखवा. ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. हे राहिलं तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतले फोटो आदल्या दिवशी जाऊन बसतात, आणि गडावरच्या पहाटेचे फोटो तुमच्याकडे पुष्कळ असणार. लांब नावांच्या फाइलींची जेसन नावं मध्येच कापलेली असतात, त्या जोड्या हातानं जुळवाव्या लागतील.

व्हॉट्सअॅपच्या फोटोत एक्झिफ (कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख वगैरे माहिती) सहसा उरत नाही. फाइलच्या नावातून तारीख घ्या. डिजिकॅमच्या तारीख-वेळ साधनातही हा पर्याय आहे. ती मिळाल्याची तारीख असते, काढल्याची नव्हे, म्हणून त्यांना वेगळा टॅग लावून ठेवा. स्लाइडच्या स्कॅनवर स्कॅन केल्याचा दिवस असतो. वर्षच माहीत असेल तर १ जानेवारी लिहा आणि 'अंदाजे' असा टॅग द्या.

कातळमाथा
चाचणी म्हणून २००९ चं फोल्डर जोडलं. नोंद झाली, पण लघुचित्रं बनताना काम एका जागी अडकून राहतं.

उंबरठा
बहुधा अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ किंवा तुटलेली रॉ फाइल. आधी सगळे व्हिडिओ कलेक्शनच्या बाहेर हलवून पुन्हा चालवा. तरीही अडकलं तर फोल्डर अर्धं-अर्धं करत जा, थोड्याच फेऱ्यांत फाइल हाती लागते. शून्य बाइटच्या फाइली आकारानुसार लावल्या की लगेच दिसतात. दोषी फाइल पुसू नका, वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि तीच फाइल बाकीच्या दोन डिस्कवर आहे का बघा. दुबार प्रती काढताना हॅश जुळला नाही म्हणून तिची चांगली प्रत अजून शिल्लक असण्याची शक्यता बरीच आहे.