रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन
दातांवरच्या चिकट थरातील (प्लाकमधील) जिवाणू मारण्यासाठी रंगद्रव्य आणि लाल प्रकाश वापरून केल्या जाणाऱ्या उपचाराबद्दल असा एक दावा केला जातो की लाल प्रकाशानेच हे जिवाणू मरतात. ते तसे नाही. मिथिलीन ब्ल्यू किंवा टोल्युडीन ब्ल्यूसारखे धनभारित रंगद्रव्य जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटते, सुमारे ६३० ते ६७० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे लाल, प्रकाश शोषून घेते आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देते. त्यातून निर्माण होणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन क्षणार्धात नाहीसा होतो, पण तेवढ्यात लगतचे जिवाणूचे पेशीपटल उद्ध्वस्त करतो. खरी अडचण आहे ती थराच्या चिकट जाळीची, कारण रंग बराचसा वरच अडकतो आणि दात व हिरडी यांमधल्या खोल फटीत, जिथे ऑक्सिजन मुळातच कमी असतो, तिथे परिणाम मंदावतो. म्हणूनच दंतवैद्याने आधी थर खरवडून काढावा आणि हा उपचार त्याला जोड म्हणूनच वापरावा, असे माझे ठाम मत आहे.