हॅशटॅगच्या पलीकडची मदत

टाळेबंदीतील स्त्रीवादी मोहिमा केवळ हॅशटॅगपुरत्या राहिल्या, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला अपुरे वाटते. एप्रिल २०२० मध्ये कॅनेडियन विमेन्स फाउंडेशनने घरात अत्याचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी व्हिडिओ कॉलवर न बोलता, एका हाताने मदत मागण्याची खूण प्रसृत केली. त्याच सुमारास पोलंडमधील एका शाळकरी मुलीने फेसबुकवर सौंदर्यप्रसाधनांचे बनावट दुकान उघडले, जिथे क्रीमची चौकशी करणाऱ्या पीडितेशी प्रत्यक्षात मानसशास्त्रज्ञ बोलत आणि तिने पत्ता देऊन मागणी नोंदवली की पोलिसांना कळवले जाई. मला हा दुसरा मार्ग अधिक विचारपूर्वक आखलेला वाटतो, कारण अत्याचार करणारा त्याच घरात असतो, अनेकदा फोनही तपासतो, आणि सर्वत्र पसरलेली खूण त्यालाही ठाऊक होते. अर्थात, जिच्याकडे स्वतःचा फोनच नाही, तिच्यापर्यंत यांपैकी काहीही थेट पोहोचत नाही.