ब्रोमेलियाड फुलून गेल्यावर काय करता? अनुभव सांगा

गणपतीत नर्सरीतून लालभडक गुझमानिया (ब्रोमेलियाडचा, म्हणजे अननसाच्या घराण्यातल्या शोभेच्या झाडांचा एक प्रकार) आणलं. तीन-साडेतीन महिने नुसतं मिरवत होतं, येईल तो विचारायचा खरं आहे का प्लास्टिकचं, आणि आता तो लाल तुरा हिरवट होऊन काळा पडायला लागलाय. पाणी वाढवलं, खत घातलं, उन्हात नेऊन ठेवलं, ढिम्म. नर्सरीवाला म्हणतो म्याडम दुसरं घेऊन जा. कोणी ही मंडळी वर्षानुवर्षं सांभाळलीयत का? काय फसलं तेही लिहा.

अगं तुझं काही चुकलं नाहीये, हे केळीसारखं असतं. केळीला घड आला की तो खुंट संपला, बाजूने पिल्लं येतात, तसंच इथे. आई लगेच नाही मरत, वर्षभर तरी पिल्लांना पोसते, म्हणून उपटू नकोस. पिल्लू आईच्या निम्मं झालं की धारदार सुरीने काप. मी बोटभर असताना काढली होती, तिन्ही कुजली. आणि तो लाल तुरा म्हणजे फूल नव्हेच, रंगीत पानं ती, खरं फूल त्यातून डोकावतं ते पिवळट, इवलंसं.

आमच्याकडे रत्नागिरीला सुपारीखाली सावली बघून सात-आठ कुंड्या मांडल्या होत्या. जूनमध्ये सुपारीवर कोळेरोगासाठी (फळं कुजतात तो) बोर्डो मिश्रण मारलं, ते ठिबकून खाली सगळ्यांच्या पेल्यात (मधल्या पानांचा खळगा, पाणी साठतं तो). पंधरा दिवसांत मधली कोवळी पानं हाताला सुटून आली!! बोर्डोत मोरचूद, म्हणजे तांबं, आणि ह्या कुळाला तांबं म्हणजे विष. तेव्हापासून तांब्याच्या कलशातलं उरलेलं पाणीसुद्धा मी फक्त तुळशीलाच घालतो.

पेल्याचा विषय निघालाच आहे तर, आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर. फवारणीवाल्यांबरोबर आलेल्या ताईंनी निओरेगेलियात (हेही ब्रोमेलियाडच) टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं, आत अळ्या वळवळतायत. डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात अंडी घालतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता दर चार दिवसांनी कुंडी बेसिनमध्ये आडवी करून जुनं पाणी ओतते, नवं घालते. मातीला मात्र बेताचंच पाणी, मुळं मुख्यतः धरून राहायलाच असतात, नुसत्या चिकणमातीत कुजतात. मी नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडं कोकोपीट घालते. बोअरच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात.

माझी इक्मिया (हीसुद्धा ब्रोमेलियाडच, चंदेरी पट्ट्यांची, गुलाबी तुऱ्याची) तीन वर्षं नुसती पानं. मग कुठेतरी वाचून पेल्यातलं पाणी ओतून टाकलं, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत कुंडी आणि एक पिकलेलं सफरचंद घालून तोंड बांधलं, आठ दिवस सावलीत. सासूबाई म्हणाल्या, झाडाला नैवेद्य का गं? सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो त्याने फुलोरा धरतो. अडीच महिन्यांनी गुलाबी टोक दिसलं, आणि नैवेद्याची गोष्ट सगळ्या सोसायटीत सासूबाईंनीच सांगितली.

त्यात नवल नाही, अननसवाले शेतात इथ्रेल (इथिलीन सोडणारं औषध) देतात ते ह्याचसाठी, अननस ह्याच घराण्यातला. पण झाड पूर्ण वाढलेलं हवं, लहानग्यावर हा प्रयोग नको.

नागपूरकर इथे. गुझमानिया दोनदा मेलं, तिसऱ्यांदा पैसे घालवले नाहीत. निओरेगेलिया मात्र हिरव्या नेटखाली टिकलं, एप्रिल-मेमध्ये कूलरसमोर नेतो. एकदा खोलीत कोपऱ्यात ठेवलं तर लाल रंग जाऊन पार पालकासारखं हिरवं झालं होतं, परत उजेडात आणल्यावर नव्या पानांना रंग आला.

धागाकर्ती परत आलेय. मोबाइलचा टॉर्च लावून बुडाशी बघितलं, दोन पिल्लं आहेत! एक तर वाळक्या पानाखाली चेपून वाकडंच वाढलंय. आणि मी इतके दिवस पाणी कुंडीत ओतत होते, मधला पेला ठणठणीत कोरडा. ते वाळकं पान काढलं, पेला भरला. सुरी ठेवून दिलीय परत ट्रॉलीत.