मदत हवी आहे: टेक्सासच्या उरलेल्या काउंट्या कशा उरकाव्यात?

मंडळी, आम्ही डॅलसजवळ राहतो. नवऱ्याला एकेक काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) पालथी घालायचं वेड लागलंय. टेक्सासमध्ये त्या 254, देशात सर्वांत जास्त! पूर्वेकडच्या बहुतेक झाल्या, आता थँक्सगिव्हिंगला पॅनहँडल, म्हणजे राज्याचं उत्तरेकडचं टोक.

तिथल्या काउंट्या वड्या पाडल्यासारख्या चौकोनी. हमरस्त्याने सरळ गेलं की एकच रांग पदरात पडते, शेजारची कोरडी राहते. मग तिथल्या अमॅरिलो शहरात मुक्काम ठेवून रोज फेऱ्या माराव्यात, की नागमोडी जात दर रात्री नवं मोटेल बघावं? सोबत सासूबाई आहेत. त्यांना मधूनमधून पाय मोकळे करायला लागतात, आणि चहा आमचाच लागतो. लहान गावांत सणाच्या दिवशी गाडीला पेट्रोल, बाथरूम मिळतं का?

परतताना मेंटोन घ्यायचा हट्ट आहे (लव्हिंग काउंटीचं मुख्य गाव; 2020च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत माणसं 64). तिकडे तेलाच्या ट्रकांची वर्दळ असते, म्हणून अंधारात 302 नंबरचा रस्ता टाळावा का?

आणि एक घरगुती भांडण सोडवा. ह्यांच्या मते चाक हद्दीत गेलं की काउंटी झाली. मी म्हणते, खाली उतरून निदान कोर्टहाउस तरी बघा. तुम्ही काय धरता?