अनुभव धागा : जुन्या घराचं तळघर आणि ओल

दगड-चुन्याच्या जुन्या घराच्या तळघरातली ओल कशी थांबवायची, ते मापांसकट लिहा. 'चांगलं केमिकल मारून घ्या' एवढंच नको. काय टिकत नाही आणि का, हेही येऊ द्या.

प्रतिसाद १
आधी ओल कुठली ते बघा. फूटभर चौरस प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले, तर हवेतलं बाष्प गार पृष्ठभागावर जमतंय. अशा वेळी दमट दिवसांत झरोके उघडे ठेवू नका, ओल वाढते. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतूनच येतंय.

प्रतिसाद २
आतून काहीही करण्याआधी बाहेर जा. पन्हळीचा पाइप भिंतीच्या पायथ्याशीच सुटलेला असतो. तो किमान सहा फूट लांब न्या. भिंतीलगत मीटरभर रुंद फरसबंदी, ढाळ बाहेरच्या बाजूला ५० ला १. तरीही ओल राहिली तर भिंतीबाहेर चर खणा. तळाला १०० मिमीचा भोकांचा पाइप, भोकं खाली, ढाळ १०० ला १, भोवती धुतलेली २० मिमी खडी आणि सगळ्याला जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं). कापड विसरलात तर काळी माती खडीत शिरून चर बुजतो.
जुन्या भिंतीलगत सलग चर कधीही खणू नका! पाच-सहा फुटांचा एकेक तुकडा खणा, भरा, मग पुढचा. पायाच्या तळाखाली तर मुळीच जायचं नाही.

प्रतिसाद ३
क्रिस्टलाइन कोटिंग दगडी भिंतीवर चालेल का?

प्रतिसाद ४
नाही. ते काँक्रीटमधल्या सिमेंटशी क्रिया करून छिद्रं बुजवतं. दगड-चुन्यात तसं सिमेंटच नसतं.
पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शनचंही, म्हणजे भेगेत दाबाने फुगणारं रसायन भरण्याचंही, तसंच, काँक्रीटच्या भेगेला उत्तम, पण दगडी भिंतीच्या पोकळ गाभ्यात माल कुठे जातो ते कळत नाही. तिथे सिमेंट ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, बरा. भिंतीत बसवलेल्या नोझलमधून खालून वर भरत जायचं, वरच्या नोझलमधून ग्राउट बाहेर आला की खालचं बंद. दाब कमीच ठेवा, जास्त दाबाने चुन्याचे सांधे उकलतात.
आणि लोणा लागलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा नको. ओल बाहेर पडायची वाट बंद झाली की ती भिंतीतून वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठतात आणि एक-दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. गिलावा चुन्याचाच करा. तोही कधीतरी झडेल, पण झडलेला भाग बदलता येतो, दगड शाबूत राहतो.

प्रतिसाद ५
जमिनीतून पाणी वर येत असेल तर नुसता कोबा करून ते दाबता येत नाही. मीटरभर उंचीचं पाणी चौरस मीटरला एक टन दाब देतं. तेवढ्याच जागेवरच्या चार इंची कोब्याचं वजन जेमतेम २४० किलो. तो उचलला जातो किंवा कडेला फुटतो. तिथे दाब सोडवणं हाच उपाय. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन फूट चौरस, दोन फूट खोल खड्डा, फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा) पंप, भिंतीलगत खड्ड्याकडे ढाळ दिलेली नाली. पंपाच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर पंप थांबताच पाइपातलं पाणी खड्ड्यात परततं आणि पंप सारखा चालू-बंद होत राहतो.

प्रतिसाद ६
पंप इन्व्हर्टरवर घ्या, मुसळधार पावसातच वीज जाते. आणि पाण्याची पातळी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भिंतीवर खडूने आखून ठेवा. काम उन्हाळ्यात होतं, तेव्हा तळघर कोरडं असतं आणि पाणी नेमकं कुठून येत होतं ते गवंड्याला दाखवता येत नाही.