खंदक रणगाड्यांनी फोडले की तोफांनी?

धागाकर्ता:
पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की 'रणगाडा आला आणि खंदकांची कोंडी फुटली' असं सर्रास ऐकायला मिळतं. कोंडी म्हणजे दोन्ही फौजा समोरासमोरच्या खंदकांत अडकून कोणालाच पुढे सरकता न येणं. मला ते पटत नाही. कोंडी तोफखान्याने फोडली, तीही नेम साधायला शिकल्यावर. १९१६ साली फ्रान्समधल्या सोमच्या लढाईआधी ब्रिटिशांनी आठवडाभर सुमारे १५ लाख गोळे डागले. तरी १ जुलैच्या एका दिवसात त्यांचे १९,२४० सैनिक मेले. जर्मन खोल भुयारांत सुरक्षित होते आणि काटेरी तार बऱ्याच ठिकाणी तुटलीच नव्हती. माणसं तारेपाशी अडली आणि तिथेच मशीनगनने कापली गेली. गोळा जमिनीला टेकताक्षणी फोडणारा फ्यूज (गोळ्यातला स्फोट घडवणारा भाग) पुढच्या वर्षी आला, तेव्हा कुठे गोळ्यांनी तार नीट तुटू लागली.

प्रतिसाद १:
साफ असहमत. गोळ्यांनी जमिनीची चाळण होते, वर पाऊस पडला की त्याच चिखलात आपलीच माणसं रुततात. १९१७ च्या बेल्जियममधल्या पासेंडेलच्या लढाईत ब्रिटिशांना साडेतीन महिने झगडून जेमतेम पाच मैल मिळाले. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कांब्रेला २० नोव्हेंबरला चारशेच्या आसपास रणगाडे तार चिरडत गेले आणि एका दिवसात जवळपास तेवढंच अंतर कापलं. रणगाड्याच्या आडोशाने चालणाऱ्या शिपायाचा जीव वाचला, हे मोजणार की नाही?

धागाकर्ता:
मोजणारच. पण त्या सकाळी हजार तोफाही होत्या, आणि नेम तपासायला आधी एकही गोळा न टाकता, नकाशा नि हवामानाचं गणित मांडून त्यांनी थेट मारा केला. म्हणून जर्मन बेसावध सापडले. तोफेचा आवाज वेगवेगळ्या मायक्रोफोनपर्यंत किती फरकाने पोचतो, यावरून शत्रूची तोफ कुठे आहे ते काढत. विमानातून काढलेले फोटो असत ते वेगळेच. आणि रणगाडे टिकतात किती? १९१८ मध्ये फ्रान्समधल्या अमियाँच्या लढाईत ८ ऑगस्टला चारशेहून जास्त रणगाडे निघाले. १२ तारखेला चालते उरले फक्त ६.

प्रतिसाद २:
मेसोपोटेमियाही (आजचा इराक) बघा. तिथल्या कूत गावात आपल्या मराठा पलटणींसह सहावी पुणे डिव्हिजन १४७ दिवस तुर्कांच्या वेढ्यात होती. सोडवायला निघालेली फौज तुर्की खंदकांवर पुन्हा पुन्हा आपटली, कारण जड तोफा पुरेशा नव्हत्याच. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरणागती पत्करावी लागली.

प्रतिसाद १:
कूतचा मुद्दा बिनतोड आहे. पण सहा रणगाड्यांचा नाही. पहिल्या दिवशी सात-आठ मैलांची मुसंडी मारून मग ते मोडले. सोमला तोफा शाबूत राहिल्या आणि माणसं मेली. मी शिपाई असतो तर रणगाड्यामागेच चाललो असतो.