उपदेशाची तयारी करतोच, मग वेगळे शास्त्रवाचन कशासाठी?

प्रश्न : नवा वडील (शेवगाव तालुका)

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. गेल्या ईस्टरनंतर आमच्या मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) मला वडील, म्हणजे मंडळीचा एक पुढारी म्हणून निवडले. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, चार गावांच्या मंडळ्या असल्यामुळे महिन्यातील दोन रविवारी उपदेश माझ्याकडे असतो. शिवाय बुधवारची प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या घरच्या भेटी आणि कमिटीच्या बैठका आहेतच. मी शिक्षक आहे आणि सकाळी साडेसहाला घर सोडतो. उपदेशासाठी निवडलेल्या उताऱ्यावर मी आठवडाभर मेहनत घेतो आणि टिपणे काढतो. परंतु त्यापलीकडे स्वतःसाठी वाचन असे जवळजवळ उरलेले नाही. परवा एका ज्येष्ठ बंधूंनी सहज विचारले, "उपदेशाचे काम नसताना तुम्ही बायबल शेवटचे कधी उघडले?" मला उत्तर देता आले नाही. पुस्तक रोज हातात आहेच, तर ते उपदेशासाठी वाचले काय आणि स्वतःसाठी वाचले काय, पुढारीपण करणाऱ्याच्या बाबतीत त्याने खरोखर काही फरक पडतो का?

उत्तर : एक निवृत्त पाळक

सलाम. फरक पडतो, आणि तो प्रथम मंडळीला जाणवतो, आपल्याला फार उशिरा.

बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातील राजाविषयीचे नियम पाहा. त्याने पुष्कळ घोडे बाळगू नयेत, पुष्कळ बायका करू नयेत, सोनेरुपे साठवू नये, अशी मनाईची यादी झाल्यावर एक गोष्ट करायला सांगितली आहे: गादीवर बसल्यावर त्याने लेवीय याजकांजवळच्या ग्रंथावरून नियमशास्त्राची (मोशेद्वारे दिलेल्या देवाच्या नियमांची) नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जवळ ठेवावी आणि आयुष्यभर वाचावी. त्याने ती लोकांना शिकवावी असे तेथे म्हटलेले नाही. लोकांपुढे वाचन करण्याची आज्ञा पुढे एकतिसाव्या अध्यायात याजकांना आणि वडीलजनांना आहे. राजाच्या वाचनाचे कारण वेगळेच दिले आहे. त्याने देवाचे भय धरावे, आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा आपण मोठे आहोत असे त्याच्या मनाने घेऊ नये. म्हणजे पुढाऱ्याच्या वाचनाने लोकांचे रक्षण होते, आणि ते त्या पुढाऱ्यापासूनच होते. मी हे अतिशय जबाबदारीने लिहीत आहे, कारण मला स्वतःला ते एकदा फार जवळून कळले.

माझ्या सेवेच्या बाराव्या वर्षी भजनी मंडळ कोणी चालवायचे यावरून आमच्या मंडळीतील दोन घरांत वाद पेटला होता. मी मनातून एका घराच्या बाजूचा होतो. रविवारसाठी मी असा उतारा निवडला होता की दुसऱ्या घराला तो आपल्यालाच उद्देशून आहे हे न सांगता कळावे. त्या काळात मी पहाटे प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राची रोज पाचपाच वचने दोनशे पानी वहीत उतरवून काढत असे; उपदेशाशी त्या वहीचा काही संबंध नव्हता. शनिवारी चौथ्या अध्यायाचे दुसरे वचन आले. त्या मंडळीतील दोन स्त्रियांना उद्देशून पौल म्हणतो: युवदीयेला विनंती करतो आणि सुंतुखेला विनंती करतो, की त्यांनी प्रभूमध्ये एकचित्त व्हावे. 'विनंती करतो' हे शब्द मला दोनदा लिहावे लागले. डोळ्यांनी वाचताना मी ते वचन शेकडो वेळा ओलांडले असेन. हाताने लिहिताना मात्र पेन तेथेच थांबले. दोघींना मिळून एकदाच विनंती केली असती तरी वाक्याचा अर्थ तोच राहिला असता, पण पौल प्रत्येकीकडे वेगळा वळला, कोण बरोबर हे त्याने सांगितले नाही, आणि दोघींनी सुवार्तेसाठी आपल्याबरोबर श्रम केल्याची आठवण लगेच पुढच्या वचनात दिली. मी तो उपदेश बाजूला ठेवला. संध्याकाळी दोन्ही घरी गेलो, वेगवेगळा.

उपदेशासाठी वाचणारा मनुष्य वचनात इतरांना काय सांगावे ते शोधत असतो, आणि शोधणाऱ्याला ते सापडतेही. त्यामुळे वचनाने आपल्यालाच अडवावे अशी जागा त्या वाचनात फार थोडी राहते.

उत्तर : रविवारशाळेचा शिक्षक

पाळकसाहेबांच्या अनुभवाविषयी पूर्ण आदर ठेवून एक शंका मांडतो. येशूच्या काळातले धर्मपंडित, म्हणजे शास्त्री आणि परूशी, शास्त्र कमी वाचत होते काय? योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू त्यांना म्हणतो की तुम्ही शास्त्रलेख शोधून पाहता, तरीही माझ्याकडे यायला तयार नाही. वर्षाला बायबल पूर्ण केल्याचा हिशेब ठेवणारे आणि घरात कोणाशी नीट न बोलणारे लोक मी पाहिले आहेत. नियमित वाचनाचाच गर्व झाला तर काय करायचे?

उत्तर : महिला मंडळाची सेविका (पुणे)

शिक्षकबंधूंची शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर मला जुन्या करारातील एज्राच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातील दहाव्या वचनात दिसते. एज्राने नियमशास्त्राचे अध्ययन करण्याचा, त्याप्रमाणे चालण्याचा आणि मग इस्राएलात ते शिकवण्याचा निश्चय केला होता. चालणे मध्ये आहे. परूश्यांनी ती मधली पायरी गाळली; आपण पहिली पायरी गाळली तर तीही चूकच होईल.

वेळेविषयी मात्र मला अधिक बोलायचे आहे, कारण "कामामुळे जमत नाही" हे मी स्वतः अनेक वर्षे म्हणत आले. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली आणि विधवा होत्या. त्यांचे अन्न, औषध, शाळा, शेती, छापखाना असा सारा प्रपंच रमाबाईंच्या शिरावर होता. पुढारीपणाचे याहून मोठे ओझे आपल्यापैकी कोणावर आहे? त्याच काळात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले आणि ते भाषांतर 1924 मध्ये छापून बाहेर आले. संस्कृताची एवढी विदुषी आयुष्याच्या उत्तरार्धात परक्या लिपीची अक्षरे गिरवायला बसते, एकेका शब्दाशी झगडते आणि तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळावे म्हणून, हे मी मंडळातल्या बहिणींना सांगते तेव्हा माझाच आवाज भरून येतो.

यहूदाचा राजा योशीया याची हकिकतही (2 राजे, अध्याय 22) कमिटीत बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. मंदिराची डागडुजी चालली होती, पैसा मोजून कारागिरांच्या हाती दिला जात होता, म्हणजे कामकाज अगदी सुरळीत होते. आणि नियमशास्त्राचा ग्रंथ त्याच घरात कोठेतरी पडून होता, त्याची कोणाला आठवणही नव्हती. तो वाचून दाखवल्यावर राजाने आपली वस्त्रे फाडली, आणि परमेश्वराला विचारायला माणसे पाठवताना "माझ्यासाठी" हे आधी म्हटले, "लोकांसाठी" हे नंतर.

उत्तर : निवृत्त पाळक

ताईंनी फार नेमके लिहिले आहे. प्रश्नकर्त्या बंधूंसाठी व्यवहाराचे थोडे सांगतो. बायबलचे 1,189 अध्याय आहेत. वर्षात पूर्ण करायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात, आणि साडेसहाला घर सोडणाऱ्याने तिथून सुरुवात केली तर तो फेब्रुवारीतच, लेवीयच्या पुस्तकात, थकून थांबेल. एकच लहान पुस्तक घ्या. फिलिप्पैकरांस पत्रात 104 वचने आहेत. रोज पाच लिहिली तर तीन आठवडे लागतील. ज्या पुस्तकावर येत्या दोन महिन्यांत उपदेश करायचा नाही असेच पुस्तक निवडा, ही अट मात्र पाळा.

प्रश्नकर्ता

पाळकसाहेब, ताई आणि शिक्षकबंधू, आपले मनापासून आभार. एक गोष्ट कबूल करतो. या रविवारसाठी मी याकोबाच्या पत्रातील जिभेविषयीचा उतारा घेतला होता, आणि तो घेताना माझ्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट व्यक्ती होती. काल रात्री तो तिसरा अध्याय मी पहिल्या वचनापासून वहीत लिहायला बसलो. टिपणे मी दुसऱ्या वचनापासून काढली होती. पहिले वचन असे आहे की पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपल्याला अधिक दंड होईल हे तुम्हांला ठाऊक आहे. मी आज आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना फोन करून उतारा बदलण्याची परवानगी मागितली आहे, आणि उद्या सकाळपासून फिलिप्पैकरांस पत्र लिहायला घेत आहे.